बापूस पत्र: ठरावावर माझं नाव घालू नकोस

लिव्हरपूल,
रविवार

प्रिय बापू,

स. न. वि. वि.

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, फोनही उचलला नाही. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. प्रकृती ठीक. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात, थंडी मरणाची. भडंग संपला. निम्मा जावयानंच खाल्ला.

आता मुद्द्याचं. आपल्या बुद्धिबळ मंडळातल्या घड्याळजीवर बायकोच्या खुनाचा संशय, म्हणून त्याला बाहेर काढायचा ठराव सभेत येणार असं तू कळवलंस आणि नेमका त्याच आठवड्यात मी वुल्व्हर्टन स्ट्रीटला जाऊन आलो. हो, तीच गल्ली, जिथं १९३१ मध्ये वॉलेसची बायको ज्यूलिया मारली गेली आणि आळ वॉलेसवरच आला. एकोणतीस नंबर. लेकीला वाटलं, बाबांना फुटबॉलचं मैदान बघायचंय. जावई तर हरखलाच, कारण अ‍ॅनफिल्ड म्हणजे त्याचं पंढरपूर. मैदान पाहून झाल्यावर म्हटलं, इथं जवळच एक काम आहे. सासऱ्याचं अ‍ॅनफिल्डमध्ये काय काम असणार? पण पोरगं सोसतं मला.

बापू, घर काहीच नाही रे. एकाला एक चिकटलेली लहान घरं, मागच्या अंगाला बोळ. शेजारचा खोकला तर ऐकू यावा, इतकी जवळ. आणि या भिंतींच्या आत ती बाई मेली आणि पलीकडे कुणाला कळलं नाही! मी समोरच्या फुटपाथवर उभा. एका घरातून एक बाई बाहेर आली आणि काय हवंय म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, पत्ता शोधतोय. गाडीत बसल्यावर माझं मलाच हसू आलं. वॉलेसनंही त्या रात्री हेच सांगितलं होतं सगळ्यांना.

तुझं पालुपद पाठ आहे मला. ‘बुद्धिबळवाला माणूस, दत्ता! खुनाच्या आदल्या दिवशी स्वतःच आपल्या बुद्धिबळ क्लबात फोन केला, क्वाल्ट्रो नावानं स्वतःलाच निरोप ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी नसलेला पत्ता शोधत गावभर साक्षीदार गोळा करत फिरला.’ तू हे म्हणालास की सगळं मंडळ माना डोलवायचं. फोन त्याच्या घरापासून चारशे यार्डांवरच्या बूथमधून आला होता, हेही तू दर वेळी ऐकवायचास. अरे, पण निरोपातला पत्ता होता मेनलव्ह गार्डन्स ईस्ट. नॉर्थ आहे, साउथ आहे, वेस्ट आहे, तर ईस्ट असेल असं कुणालाही वाटेल. आणि क्लबात कुणाचा डाव कधी, याचा तक्ता कॅफेत भिंतीवरच लावलेला असायचा. त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्या कुणालाही तो वाचता येत होता. शिवाय तो खेळायचा कसा? दुय्यम वर्गात. तुझ्याइतका. त्याला खुनाचा महापंडित पेपरवाल्यांनी केलं आणि तू ते गिळलंस.

वेळेचंही तसंच. २० जानेवारी १९३१ ची संध्याकाळ. दूधवाल्या पोरानं ज्यूलियाला दारात जिवंत पाहिलं. साडेसहाला की पावणेसातला, एवढाच प्रश्न. मित्रांना त्यानं पावणेसात सांगितलं होतं, पोलिसांकडे ते साडेसहाच्या बाजूला सरकलं. वॉलेस पावणेसातच्या सुमारास घराबाहेर पडला आणि सात वाजून गेल्यावर ट्राममध्ये दिसला. पोलीस ते अंतर कमीत कमी वेळात कापून दाखवायला रस्त्यानं पळत होते. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं अ‍ॅनफिल्ड हॅरियर्स, म्हणजे पळणाऱ्यांचा संघ! एवढ्या वेळात खून करायचा, गल्ला रिकामा झाल्याचं दाखवायचं, हत्यार नाहीसं करायचं आणि अंगावर रक्ताचा थेंब न ठेवता ट्राम पकडायची. तू म्हणायचास, रेनकोट घालून मारलं. तो रेनकोट प्रेताखाली सापडला हे खरंच आहे, तिथं माझं तोंड बंद व्हायचं. आजही होतं.

पण मला तिथं उभं राहून यातलं काही आठवत नव्हतं. आठवत होती ती राख.

खटल्यात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक मॅकफॉल साक्षीला आले. त्यांनी सांगितलं, हा माणूस फार शांत होता, सिगारेट ओढत होता आणि राख एका भांड्यात झटकत होता. बायको त्याच खोलीत पडलेली, आणि हा राख जमिनीवर न पाडता भांड्यात टाकतो! बस. ज्यूरीला आणखी काय पाहिजे? न्यायाधीशांनी समारोपात जवळजवळ सोडून द्या असंच सुचवलं होतं, तरी तासाभरात ज्यूरीनं दोषी ठरवलं. फाशी. मे महिन्यात अपील न्यायालयानं तो निकाल रद्द केला, पुराव्यांवर टिकत नाही म्हणून. अपिलाच्या आधी इथल्या कॅथेड्रलमध्ये त्यासाठी प्रार्थनासुद्धा झाली होती. म्हणजे देवापासून वरच्या कोर्टापर्यंत सगळ्यांनी सोडला.

गल्लीनं नाही सोडला. तो विमा कंपनीचा, आठवड्याचे हप्ते दारोदार गोळा करणारा. लोक दार उघडेनात. कंपनीनं बिचाऱ्याला ऑफिसात टेबलावर बसवलं. घर सोडून नदीपलीकडे ब्रॉम्बरोला गेला आणि १९३३ च्या फेब्रुवारीत मूत्रपिंडाच्या आजारानं मेला. पुढं १९८१ मध्ये इथल्या रेडिओनं दुसऱ्याच एकाकडे बोट दाखवलं. २०१३ मध्ये एका नामवंत लेखिकेनं ते बोट फिरवून परत नवऱ्याकडे आणलं. माणूस मेल्यालाही ऐंशी वर्षं झाली होती!

आता घड्याळजी. तिसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं, हे मला त्या काळात किती जणांनी ऐकवलं असेल. तूही. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात द्यायचं घड्याळ त्याच्याकडे अडकलं होतं, ते त्यानं भिंगाला डोळा लावून दुरुस्त केलं, पैसे घेतले आणि परत शटर ओढलं. लोकांनी फक्त शटर वर गेलेलं पाहिलं. स्मशानात रडला नाही म्हणे. अरे, तो मंडळाच्या स्पर्धेत वजीर फुकट गेला तरी तोंडाची रेघ हलू द्यायचा नाही! त्याच चेहऱ्याचं आपल्याला कौतुक होतं. पोलिसांनी किती वेळा बोलावलं, बसवून ठेवलं, सोडलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, दुसरा कुणी सापडलाही नाही. वॉलेसला निदान निकाल तरी मिळाला. याला तोही नाही.

आणि आता आठवडाभरात तुम्ही हात वर करून ठरवणार. ‘मंडळाच्या प्रतिष्ठेस बाधा येऊ नये म्हणून.’ हे वाक्य कुणी लिहिलं? तूच असणार, बाधा हा शब्द तुझाच.

वहिनी म्हणाल्या ते तू मला कळवलंस, बरं केलंस. ‘बाई जिवानिशी गेली आणि तुम्हाला त्याच्या खुर्चीची काळजी.’ यावर मी बराच वेळ गप्प बसलो. वहिनी आणि घड्याळजीची बायको दर शुक्रवारी गणपतीच्या देवळात भेटायच्या, वहिनींना बोलायचा हक्क आहे. आणि संशय नवऱ्यावर जातो तो काही उगाच जात नाही. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, २०२३ मध्ये जगात ५१,१०० बायका-मुली जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून मेल्या. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं की बायको राहत्या घरात मारली गेली आणि नवऱ्यानं समाधानकारक खुलासा केला नाही, तर ते मौन त्याच्याविरुद्ध जातं. मान्य. पण बापू, तो खुलासा कोर्टात मागायचा असतो, आणि आधी सरकारी पक्षानं आपली बाजू उभी करायची असते. तो बाकावर, चहाचा कप हातात धरून, कुणी मागायचा? आणि आपण तरी कुठं मागितला? विचारलं नाहीच, नुसते समोर बसायचे थांबलो.

वहिनींच्या बोलण्यातलं एक मात्र मनाला लागलं. वॉलेसवर एवढं लिहिलं गेलं, ज्यूलियाबद्दल काय माहीत आहे? पियानो वाजवायची, फ्रेंच यायचं, आणि लग्नाच्या वेळी वय बरंच कमी सांगितलं होतं. मेली तेव्हा प्रत्यक्षात एकोणसत्तर वर्षांची होती. संपलं. तसंच घड्याळजीच्या बायकोबद्दल मी आठवायला बसलो, तर तिच्या हातची आंबोळी आणि दारातली अबोली, एवढंच. तिला कुणी मारलं हे कळायला पाहिजे असं आपल्यात एकदा तरी कुणी म्हणालं का? सगळी चर्चा त्याच्या चेहऱ्याची.

त्यानं केलं नाही असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, तुलाही नाही. रात्री झोप येत नाही ती यानं. उद्या मी सांगलीला आलो, तो समोर येऊन बसला, डावाआधी त्यानं हात पुढे केला, तर मी हात देईन. पण देताना त्याच्या हाताकडे बघेन, हे मला इथं बसून कळतंय. आणि त्यालाही कळेल. तो सावकाश खेळणारा माणूस आहे, सगळं बघतो. मग असं बसण्यापेक्षा न बसलेलं बरं, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, म्हणजे शेवटी बापूच्याच बाजूला जाऊन बसलास. लेक विचारते, बाबा जेवत का नाही? काय सांगू?

तरीही माझं मत लेखी घे: ठरावाला विरोध. ज्याला त्याच्यासमोर बसायचं नाही त्यानं बसू नये, ती ज्याची त्याची मर्जी. पण मंडळाच्या शिक्क्यानं ज्याच्यावर आरोपपत्रही नाही त्याला बाहेर काढायचं असेल, तर कागदावर माझं नाव नको. अध्यक्ष म्हणतील, परदेशातून मत चालत नाही. त्यांना सांग, मागच्या वेळी माझी वर्गणी परदेशातून चालली होती.

बाकी तुझं? डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी उरकून घे, उगाच टाळू नकोस. धाकट्याची बदली झाली का? पुण्याला मिळाली तर नशीब. यंदा नदीला पाणी किती होतं ते कळव, पेपरात काही धड येत नाही. वहिनींना नमस्कार. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही असं सांगू नकोस, कारण निम्मं पटलंय. कुठलं निम्मं ते आल्यावर समोरासमोर बोलू.

कळावे,

तुझा
दत्ता

ता. क. वर्गणीची पावती अजून आली नाही. अध्यक्षांना विचार.