भरती-ओहोटीसोबत लाटांची उंची पण रोज छापा

मा. संपादक,

खडकावरून मासे गरवणाऱ्यांची बातमी पेपरात येते ती बहुतेक वेळा लाटेने कोणाला तरी ओढून नेल्याचीच असते, आणि मग लगेच सुरू होतं की हे बंदच करा, काय मिळतं तिथे जीव धोक्यात घालून. काय मिळतं ते सांगावं म्हणून लिहितोय, आणि तुमच्याकडे एक मागणी पण आहे.

परवा आम्ही मित्र गेलो होतो, अष्टमीचा भांग, म्हणजे पाणी चढतंय कमी उतरतंय कमी, खडकांच्या फटीत ओढ अशी नाहीच. उधाणाला पाणी जोरात भरतं, कपारीतलं खाणं सुटतं आणि त्याच्या मागे मासा कडेला येतो, भांगात तसं फारसं होत नाही. तासन् तास तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हलली नाही. कोळंबी बदलली, शिसं हलकं केलं, एकाने लांब फेकायचं सोडून खडकाच्या अगदी मुळाशी जिथे थोडा फेस होता तिथे गळ सोडला, त्याला एक लहानसा मासा लागला तो परत पाण्यात सोडला. बाकी काही नाही.

पण मला तो दिवस फुकट गेला असं अजिबात वाटत नाही. मासा लागत असतो तेव्हा जो तो आपल्या रॉडकडे बघत असतो, लागत नसला की बोलणं निघतं. एकाच्या वडिलांचं आजारपण, एकाची गेलेली नोकरी, हे फोनवर इतक्या वेळा बोलून कळलं नव्हतं ते तिथे कळलं. समोर बसवून विचारलं असतं तर तो बोलला नसता, तिथे सगळ्यांची नजर पाण्याकडे असते त्यामुळे माणसाला बोलायला सोपं जात असावं. हे बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन नुसतं बसून बघावं.

आता धोक्याचं. तो आहेच, आणि मासा न लागणाऱ्या दिवशी जास्त आहे असं माझं मत, कारण माणूस कंटाळून एकेक पायरी खाली उतरत जातो, पाठ समुद्राकडे करून मोबाईल बघतो. वारा नाही, ऊन छान पडलंय, म्हणजे समुद्र शांत असं नसतं. खूप लांब कुठेतरी वादळ झालेलं असतं, तिथून निघालेल्या लाटा शेकडो किलोमीटर चालून येतात आणि त्या गटाने येतात, मध्ये बराच वेळ काहीच नाही आणि मग लागोपाठ दोन-चार मोठ्या. शिवाय अंदाजात २ मीटर लाटा लिहिलेलं असतं ती सगळ्यात मोठी लाट नसते, मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, त्यामुळे त्याच दिवशी एखादी जवळजवळ ४ मीटरची पण येऊ शकते. हे किती जणांना माहीत आहे? म्हणून आम्ही आधी वर उभं राहून बराच वेळ नुसतं पाणी बघतो, खडक जिथवर ओला दिसतो त्याच्या बऱ्याच वर बसतो, लाइफ जॅकेट घालतो, आणि कोणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही, दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा हे ठरलेलं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ मध्ये कायदाच केला की ठरवून दिलेल्या धोक्याच्या जागी खडकावरून मासेमारी करताना लाइफ जॅकेट हवंच. बंदी घालण्यापेक्षा हे मला पटतं.

जाता जाता अजून एक, तुटलेली तंगूस खडकावर टाकून येऊ नका रे, ते नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायात अडकतं.

तर मागणी अशी, तुम्ही सूर्योदय सूर्यास्त रोज छापता, त्याच्या बाजूला भरती-ओहोटीच्या वेळा, त्या दिवसाची लाटांची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदात एवढं पण छापा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कालच्या अंदाजाने गेलेला माणूस परतीच्या वाटेवर पाणी आलेलं बघतो आणि अडकतो. दोन ओळींची जागा लागेल, आणि ज्या दिवशी लाटा मोठ्या असतील त्या दिवशी त्या दोन ओळी पहिल्या पानावर घ्या.

आपला,
एक नियमित वाचक