शिक्षणमंत्री महोदय, उत्तरपत्रिका कधी देणार?

माननीय शिक्षणमंत्री,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी भर सभेत आपण शब्द दिला होता की, तपासलेली प्रत्येक उत्तरपत्रिका शिक्षकांच्या शेऱ्यांसह मुलांच्या हातात पडेल. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. परवा माझी नववीतली मुलगी गणितात नापास झाली. उत्तरपत्रिका काही आली नाही. आलं ते 'आत्मविश्वास वर्धन शिबिर'. मुलांना दोन तास उन्हात बसवून 'मी करू शकतो' असं ओरडायला लावलं आणि नंतर मला शाळेत बोलावून ऐकवलं, "तुमच्या मुलीत आत्मविश्वासच नाही हो."

कुठून येणार? चुकतंय कुठे, हे तिला कुणी सांगितलंय का? तिची वही बघा. पानभर लाल शाईची एकच लांब बरोबरची खूण, खाली सही आणि 'पाहिले'. त्याच पानावर तिसऱ्या ओळीत पद दुसऱ्या बाजूला नेताना तिने चिन्ह बदललेलं नाही. गणिताशी कधीच फारकत घेतलेल्या मला ते दिसलं.

'हे मला जमेल' हा विश्वास प्रामुख्याने आधी काहीतरी स्वतः जमवल्यामुळे येतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा १९७७ मध्येच लिहून गेले. भाषणानं चढलेला विश्वास पहिल्या अपयशात उतरतो. तुमचे अधिकारी १९९१ चा अभ्यास पुढे करतील, की मुलांच्या कामगिरीतला १४ टक्के फरक या विश्वासाशी जोडलेला आढळला. करा की पुढे! मग उरलेल्या ८६ टक्क्यांचं शिबिर कधी आहे? आणि विश्वासामुळे गुण मिळतात की गुणांमुळे विश्वास येतो, हे कोण सांगणार? कॅलिफोर्निया सरकारने १९८६ मध्ये लोकांचा स्वाभिमान वाढवायला खास समिती नेमली होती. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन चाळलं, तेव्हा नुसता स्वाभिमान वाढवून गुण वाढल्याचा पुरावा सापडला नाही. तुम्ही तेच आता नव्याने करताय.

माझी मुलगी अभ्यास करत नाही, असं नाही. रात्री उशिरापर्यंत बसते. पुस्तकाच्या ओळी पिवळ्या करकरून आता पांढरी जागा शोधावी लागते. पुन्हा पुन्हा वाचते आणि म्हणते, "आई, सगळं येतंय." २००६ च्या एका प्रयोगात काहींनी उतारा नुसता परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणाऱ्यांना ६१ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४०. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं ते वाचणाऱ्यांनाच! म्हणजे तुमचा लाडका आत्मविश्वास त्यांच्याकडे भरपूर होता. पुस्तक मिटून स्वतःला विचारायचं, अभ्यास थोडा थोडा अंतराने करायचा, हे तिला इतक्या वर्षांत एका तासालाही कुणी शिकवलेलं नाही.

तो टोमणा ऐकायला मी बिनपगारी रजा काढली. कार्यालयाबाहेरच्या बाकावर ताटकळले, मुख्याध्यापक बैठकीत होते. रक्तदाबाची गोळी आता दोनदा घ्यावी लागते. घरी पोरगी जेवत नाही, मला झोप नाही. याची नोंद तुमच्या कुठल्या तक्त्यात होते?

सरांना तरी काय बोलू? वर्गात सत्तर मुलं. एका पेपरला दहा मिनिटं धरली तरी जवळपास बारा तास होतात (हिशेब तपासून घ्या, नापास मुलीच्या आईचा आहे). तेवढ्यात सर्वेक्षण आहे, ऑनलाइन माहिती भरणं आहे, कार्यक्रमाचे फोटो चढवणं आहे. शिकवणं ज्याला मोजता येत नाही, ते खातं फोटो मोजतं. वरून परिपत्रक सुटतं, खालून अहवाल जातो, मधल्या मधे मूल नापास होतं आणि दोषी ठरतं त्याचं मन. यंत्रणेच्या आत्मविश्वासाला मात्र कधी धक्का लागत नाही.

फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. उत्तरपत्रिका त्याआधी हवी, प्रत्येक चुकीपुढे काय चुकलं ते लिहून. शिबिरं बंद करा आणि ते तास सरांना पेपर तपासायला द्या. या पत्रावर 'पाहिले' एवढाच शेरा मारणार असाल, तर तेही नको.

कळावे,
नववीतल्या एका मुलीची आई