बुटक्या चुंबकीय कीबोर्डविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या, चुंबकीय स्विचचा कीबोर्ड घ्यावा की नाही, आणि रात्री खेळण्याचे व दिवसभर लिहिण्याचे काम त्या एकाच कीबोर्डवर नीट होईल का, असे तू विचारले होतेस. दोन महिने तसाच कीबोर्ड रोज वापरल्यावर आता उत्तर देण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आहे. तू दोन्ही कामे तासन्‌तास करतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्विच म्हणजे प्रत्येक कळीखालचा भाग. नेहमीच्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या की कळ दाबली गेली असे मानले जाते. ते टेकण्याचे ठिकाण कारखान्यातच ठरलेले असते. ४ मिमी प्रवासाच्या ओळखीच्या लाल स्विचमध्ये ते २ मिमीवर येते. चुंबकीय स्विचमध्ये काहीच कशाला टेकत नाही. कळीच्या दांड्यात लहानसे चुंबक असते, खाली सर्किटवर सेन्सर असतो, आणि चुंबक जवळ येईल तसा सेन्सरमधला विद्युतदाब बदलतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम तो हाच. त्यामुळे कळ दाबली आहे की नाही एवढेच नव्हे, तर ती किती खोल गेली आहे हे कीबोर्डला सतत कळत असते, आणि कुठल्या खोलीवर नोंद घ्यायची हे आपण सॉफ्टवेअरमधून ठरवू शकतो.

खेळात याचा खरा लाभ रॅपिड ट्रिगरमुळे होतो. नेमबाजीच्या खेळात डावीकडे धावताना एकदम थांबून गोळी झाडायची असेल, तर डावीकडची ‘ए’ सोडून क्षणभर उजवीकडची ‘डी’ दाबावी लागते, हे तुला ठाऊकच आहे. साध्या स्विचमध्ये ‘ए’ ठरावीक उंचीच्या वर येईपर्यंत ती दाबलेलीच मानली जाते, आणि तळापर्यंत दाबलेली कळ तिथवर यायला वेळ लागतो. रॅपिड ट्रिगरमध्ये बोट वर वळले की त्याच ठिकाणी कळ सुटते. पहिल्याच संध्याकाळी मला हा फरक जाणवला: पात्र जिथे थांबावे असे मनात येई तिथेच ते थांबत होते, आणि आधी डोक्याच्या बाजूने जाणाऱ्या गोळ्या नेमक्या लागू लागल्या. एवढ्या एका गोष्टीसाठी हा कीबोर्ड घेण्याजोगा आहे, असे मी मनापासून सांगतो.

मात्र विरुद्ध दिशांच्या दोन कळा एकदम दाबल्यावर शेवटची कळ आपोआप ग्राह्य धरण्याची जी सोय असते, ती बंदच ठेव. ऑगस्ट २०२४ पासून काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या खेळाच्या अधिकृत सर्व्हरवर ती चालत नाही आणि वापरणारा खेळाडू सामन्यातून बाहेर काढला जातो. रॅपिड ट्रिगरला तिथे अशी आडकाठी नाही. ८००० हर्ट्झ पोलिंग रेटच्या, म्हणजे कीबोर्ड सेकंदाला ८००० वेळा संगणकाला नोंद पाठवतो या, जाहिरातीनेही भुलू नकोस. १००० हर्ट्झवर दर मिलिसेकंदाला नोंद जातेच, आणि १४४ हर्ट्झच्या पडद्यावर एकेक चित्र सुमारे ७ मिलिसेकंद टिकते.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र पहिला आठवडा मनस्तापाचा गेला. खेळासाठी ठेवलेली ०.२ मिमीची खोली तशीच ठेवून मी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीत, मराठी लिहायला बसलो. ‘कमल’ लिहायला गेलो आणि पडद्यावर ‘क्मल’ उमटले. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. मग सॉफ्टवेअरमधली प्रत्येक कळीची खोली दाखवणारी पट्टी उघडून मी नुसतीच बोटे कळांवर टेकवली, तेव्हा कारण समजले. ‘म’साठी खाली सरकणारे डाव्या हाताचे मधले बोट ‘डी’वर विसावलेले असते, आणि तिथून निघताना ते कळीला किंचित दाबून जाते. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच कळीवर हलन्त आहे! खेळात मला वाचवणारी कळ लिखाणात जोडाक्षरे पेरत होती.

आता मी दोन प्रोफाइल ठेवले आहेत: खेळासाठी ०.४ मिमी आणि रॅपिड ट्रिगर, लिहिण्यासाठी १.५ मिमी आणि रॅपिड ट्रिगर बंद. त्यानंतर चुका जवळजवळ थांबल्या. पण बुटक्या स्विचची मर्यादा इथेच दिसते. त्याचा एकूण प्रवास ३ ते ३.५ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे १.५ मिमीवर नोंद झाल्यावर बोटाला सावरायला फार जागा उरत नाही आणि ते तळावर आपटते. जोराने लिहिणाऱ्याची बोटांची टोके संध्याकाळी दुखतात, माझी दुखली. हलक्या हाताने लिहायची सवय लागायला तीन आठवडे गेले. शिवाय हे स्विच बहुतेक लिनिअर, म्हणजे वरपासून तळापर्यंत अडथळ्याविना सरळ जाणारे, असतात, त्यामुळे अक्षर उमटल्याची बारीक खूण बोटाला मिळत नाही. तुला तुझ्या जुन्या कीबोर्डची ती खूण प्रिय आहे, हे मी विसरलेलो नाही.

मनगटाला मात्र फार आराम आहे. कीबोर्डची पुढची कड इतकी खाली असते की हात मागे दुमडावा लागत नाही, आणि मी मनगटाखालची उशी काढून टाकली आहे. तुझ्या उजव्या मनगटाच्या दुखण्याचा विचार केला, तर माझ्या मते हीच बाजू सर्वांत जड ठरावी.

घेण्यापूर्वी स्पेसबार दोन्ही टोकांना दाबून पाहा. माझी डावीकडे खडखडते. कॅलिब्रेशनची, म्हणजे सेन्सरचे मोजमाप पुन्हा जुळवून घेण्याची, सोय आहे का तेही पाहा, कारण ते बिघडले की ०.२ मिमीसारख्या आकड्यांना अर्थ उरत नाही. स्विच पुढे बदलायचे असतील तर त्याच कीबोर्डसाठी चालणारेच शोधावे लागतील, कारण चुंबक आणि सेन्सर एकमेकांना जुळावे लागतात.

माझा कीबोर्ड तुझ्याकडे पंधरा दिवसांसाठी पाठवतो. आधी काहीही न लिहिता दहाही बोटे कळांवर ठेव आणि ती पट्टी किती हलते ते पाहून कळव. त्यावरून तुझी लिहिण्याची खोली आपण ठरवू.

तुझा स्नेही