जुन्या पिस्तुलांना छिद्रे पाडून दिव्याची पट्टी बसवू नये

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रात्रीच्या गस्तीवर असणाऱ्या पोलिसाच्या पिस्तुलाखाली दिवा असावा, असे अलीकडे अनेकांच्या बोलण्यात येते. ही अपेक्षा रास्तच आहे. चाळीच्या अंधाऱ्या जिन्यात समोरच्या माणसाच्या हातात कोयता आहे की मोबाइल, हे दिसल्याशिवाय चापावर बोट जाता कामा नये. मात्र याला जोडूनच 'आहेत त्याच पिस्तुलांना खालून पट्टी लावून घ्या, म्हणजे खर्च वाचेल' असे जे सुचवले जाते, त्याला माझा आक्षेप आहे. पोलीस दलाच्या कोतात, म्हणजे शस्त्रे ठेवण्याच्या खोलीत, आर्मोरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे काढल्यामुळे याविषयी चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

ज्या खाचांच्या पट्टीवर दिवा सरकवून अडकवतात, तिला 'रेल' म्हणतात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेलचे लष्करी मानक 1995 मध्ये ठरले. त्यानुसार खाचेची रुंदी 5.23 मिलिमीटर असते आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंतचे अंतर 10.01 मिलिमीटर असते. दोन दशांश स्थळांपर्यंतची ही मापे उगाच ठरवलेली नाहीत. गोळी सुटते तेव्हा पिस्तूल झटक्याने मागे येते, पण त्याखाली टांगलेला सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचा दिवा जागीच राहू पाहतो, आणि त्या ओढाताणीत दिव्याची आडवी कडी खाचेत घट्ट बसलेली असली तरच तो जागेवर टिकतो. खाच सैल असेल तर प्रत्येक गोळीसरशी कडी खाचेवर आदळते आणि खाच आणखी सैल होते.

रेल फ्रेमसोबतच, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीसह असलेल्या खालच्या सांगाड्यासोबतच, घडवलेली असेल, तर हा झटका सगळी फ्रेम मिळून सोसते. ती नंतर जोडलेली असेल, तर तो दोन-चार बारीक स्क्रूंवर येतो. आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षे असलेले 9 मिलिमीटरचे '1-ए' पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे असून त्याचा मूळ आराखडा 1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलाचा आहे. पिस्तुलाखाली दिवा टांगण्याची कल्पना तेव्हा कोणी केलेलीच नव्हती. या पिस्तुलाच्या फ्रेमचा चापाच्या कड्यापुढचा भाग बाहेरून भरीव दिसत असला, तरी तो आतून पन्हळीसारखा पोकळ असतो, आणि त्या पोकळीत स्लाईड (गोळी सुटल्यावर मागे-पुढे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग) पुढे ढकलणारी स्प्रिंग व तिचा दांडा बसतो. पन्हळीची भिंत पातळ असल्यामुळे तीत छिद्र पाडून आटे पाडले, तरी स्क्रूला धरायला जेमतेम दोन-तीन आटे मिळतात. मोठा स्क्रू स्प्रिंगला घासतो आणि लहान स्क्रू शे-दोनशे गोळ्यांत ढिला होतो. पट्टी वेल्डिंगने चिकटवायची म्हटले, तर पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरते आणि फ्रेम वाकते, म्हणजे वरच्या खोबणीतून स्लाईड सरळ धावत नाही.

हे काम कोणालाच जमत नाही, असा माझा दावा नाही. अमेरिकी मरीन कोअरच्या एका लहानशा विशेष तुकडीने 2003 नंतर आपल्या .45 बोअरच्या 1911 पद्धतीच्या पिस्तुलांना अशी वेगळी रेल बसवलेली होती. परंतु ती पिस्तुले मोजकी होती आणि त्यांची निगा राखणारे कारागीर तुकडीच्या हाताशी होते. पुढे 2012 मध्ये त्याच दलाने कोल्ट कंपनीकडून मोठ्या संख्येने एम-45-ए-1 पिस्तुले घ्यायचे ठरवले, तेव्हा रेल फ्रेमच्याच पोलादातून कोरलेली मागितली.

मुळातच रेल असलेल्या पिस्तुलांनाही दिवा नेहमी मानवतो असे नाही. .40 बोअरच्या ग्लॉक 22 या पिस्तुलाला दिवा लावल्यावर पुढची गोळी नीट चढत नाही, अशा तक्रारी अमेरिकेतील काही पोलीस दलांकडून आल्या होत्या आणि मॅगझिनमधील (गोळ्या भरण्याच्या डबीतील) स्प्रिंगा बदलाव्या लागल्या होत्या. कारखान्यात सर्व चाचण्या होऊन निघालेल्या पिस्तुलाची ही कथा असेल, तर गावातल्या लेथवर पट्टी लावलेल्या पिस्तुलाचा भरवसा कोणी द्यावा?

एक प्रसंग सांगतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा होतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. अशाच एका वेळी एका सद्गृहस्थांचे .32 बोअरचे पिस्तूल माझ्यासमोर आणले गेले, कारण ते रिकामे आहे याची खात्री करण्यासाठी स्लाईड मागे ओढावी, तर ती अर्ध्यावरच अडकत होती. उघडून पाहतो तो खालच्या पट्टीच्या एका स्क्रूचे टोक आत आलेले आणि स्प्रिंगचा एक वेढा त्यात अडकून वाकडा झालेला. पट्टी एका वर्कशॉपमध्ये बसवून घेतली होती. मालकांना हे दाखवले, तर ते म्हणाले, "पण साहेब, दिवा झकास लागतो!" दिवा लागत होता, यात शंका नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्यासाठीही परवाना लागतो आणि तो त्या वर्कशॉपवाल्याकडे नव्हता, हे त्यांना सांगितले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

दिवा वापरण्याच्या शिक्षणाचा विषय तर कोणी काढतच नाही. पिस्तुलाचा दिवा ज्याच्यावर रोखावा त्याच्यावर नळीही रोखली जाते, त्यामुळे त्याचा उपयोग कुलूप शोधायला किंवा गाडीची कागदपत्रे वाचायला करता येत नाही. टेक्सास राज्यातील प्लानो शहरात 2010 मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने चापाच्या कड्याखाली असलेले दिव्याचे बटण दाबायला जाऊन चापच ओढला आणि समोरचा माणूस मरण पावला. शिवाय दिवा लावलेले पिस्तूल जुन्या होल्स्टरमध्ये (कमरेला पिस्तूल अडकवण्याच्या म्यानात) जात नाही, म्हणजे होल्स्टरही बदलणे आले, आणि वाचवू म्हटलेला खर्च तिथेच परत निघाला.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे की, जुनी पिस्तुले जशी बाद होतील तशी नवी घेताना रेल फ्रेममध्येच घडवलेली असावी, अशी अट निविदेत घालावी, आणि पिस्तूल, दिवा व होल्स्टर यांची चाचणी एकत्र, दिवा लावून गोळ्या झाडून घ्यावी. तोपर्यंत जुन्या फ्रेमला ड्रिल लावू नये. रात्रपाळीच्या प्रत्येक अंमलदाराला एक चांगली हातविजेरी द्यावी, डाव्या हातात विजेरी धरून उजव्या मनगटाला मागून आधार देण्याची जुनी पद्धत वर्षातून निदान एकदा अंधारात गोळीबार करवून गिरवून घ्यावी, आणि विजेरीच्या सेलसाठी अंमलदाराला स्वतःच्या खिशात हात घालावा लागू नये. माझ्या नोकरीत तो बहुतेकांना घालावा लागत असे.

आपला,
एक निवृत्त पोलीस आर्मोरर, सातारा