स्मोकर घासायचा की नाही

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

दादाचा फोन आला होता. या रविवारी तुम्ही मांस धुरावर शिजवायचा आपला पत्र्याचा स्मोकर बाहेर काढून कॉस्टिक सोडा आणि तारेचा ब्रश घेऊन आतून पार पत्रा दिसेपर्यंत घासणार आहात म्हणे. दादाचं म्हणणं नेमकं उलट, आतला काळा थर म्हणजेच चव, त्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. आई म्हणाली, या एका विषयावर तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे. फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्याला थांबवाल, म्हणून लिहून पाठवते.

निकाल आधीच सांगून टाकते. घासू नका, पण खरवडा. आणि दादाला सांगा, चव थरात नसते. ती त्या दिवशीच्या ताज्या धुरात असते. जुन्या चरबीला फक्त खवट वास येतो.

स्मोकर चालतो ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तोही तासन्‌तास. एवढ्या वेळात धुरातलं डांबर आणि चरबीची वाफ पत्र्यावर बसते, भाजली जाते आणि तिचा पातळ, कडक लेप तयार होतो. आईच्या बिडाच्या तव्यावर असतो, त्याच जातीचा. तो तवा कुणी राखेने खसाखसा घासला तर आई काय करेल ते तुम्हाला ठाऊक आहे. हा लेप पत्र्याला गंजापासून वाचवतो. तो कॉस्टिकने काढलात तर उघडा पडलेला पत्रा दमट हवेत लगेच तांबूस व्हायला लागेल. शिवाय कॉस्टिक सांधे आणि कोपऱ्यांत अडकून राहतं, आणि पुढच्या वेळी तिथेच आपण खायचं शिजवणार. अॅल्युमिनियमचा एखादा भाग असेल तर तो तर ते खाऊनच टाकतं.

पण सगळं काळं सारखं नसतं, आणि इथे तुमचा मुद्दा खरा आहे. स्मोकर गार असताना आतून बोट फिरवून बघा. थर कोरडा, मंद काळा आणि घट्ट असेल, बोटाला काही लागत नसेल, तर तो राहू द्या. झाकणाच्या आतून पापुद्रे सुटलेले दिसतील. रंग उडतोय असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो जळून कोळसा झालेला धूर आणि चरबी असते. विष नाही, तरी मांसावर गळलेलं कुणाला चालेल? ते काढायचं. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट: चकाकणारं, डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं. ते क्रिओसोट. त्यानेच मांस कडू लागतं आणि जीभ बधिर झाल्यासारखी वाटते.

क्रिओसोट दिसलं तर ते खरवडून भागणार नाही, कारण दोष आगीत असतो. लाकूड ओलं होतं, किंवा आच कमी ठेवायच्या नादात हवा कोंडली गेली. लाकूड नीट पेटायच्या ऐवजी नुसतं धुमसत राहिलं की पांढरा, दाट धूर निघतो आणि तो थंड पत्र्यावर जाऊन बसतो. हवा तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. दादा वरची झडप अर्धी बंद ठेवतो, धूर 'आत राहावा' म्हणून. ती पूर्ण उघडी ठेवायला सांगा. आच कमीजास्त करायची ती खालच्या हवेने. हे सुधारलं नाही तर तुम्ही दर महिन्याला खरवडत बसाल.

भिंतींपेक्षा मला काळजी आहे ती तळाची. तिथे साचलेली चरबी आग धरते, आणि एकदा पेटली की झाकण उघडून बघण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. झाकण उघडलं की हवा मिळून भडका उडतो. अशा वेळी झाकण बंद, सगळ्या झडपा बंद, आणि पाणी अजिबात नाही. पाणी मारलं की पेटती चरबी उडते. चरबीची थाळी दर वेळी रिकामी केली तर ही वेळच येत नाही. पाण्याच्या भांड्याचंही तसंच. त्यावर तरंगणारी चरबी तशीच ठेवून दादा झाकण लावतो, आणि पुढच्या वेळी आत बुरशी सापडली म्हणून नवल करतो. तशी बुरशी दिसली तर आधी रिकामा स्मोकर जोरात तापवा, मग खरवडून पुसा, आणि पुन्हा एकदा तापवा.

राखेकडे तर कुणी बघतच नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. ती हवेतला ओलावा ओढते आणि तिचं क्षारयुक्त चिखलासारखं काहीतरी होतं, जे पत्रा खातं. स्मोकर वरून ठणठणीत आणि तळाला भोक, असं होतं ते यामुळे. राख दर वेळी काढा, पण दुसऱ्या दिवशी. वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा बराच वेळ जिवंत राहतो. म्हणून झाकणाची पत्र्याची बादलीच घ्या, प्लास्टिकची नको.

आता रविवारचं काम. स्मोकर किंचित कोमट करून घ्या, ओशट भाग मऊ पडतो. जाळ्या आणि पाण्याचं भांडं बाहेर काढा. मग वरून खाली यायचं, नाहीतर पुसलेल्या तळावर पुन्हा कचरा पडतो. आधी धुराडं आणि त्याची टोपी, कारण तिथे जमलेलं क्रिओसोट थेट जाळीवर ठिबकतं. मग झाकण, भिंती आणि शेवटी तळ. हत्यार म्हणजे रंगारी पुट्टीला वापरतात तसली प्लास्टिकची पट्टी, किंवा लाकडाची. जे सहज सुटेल तेच काढा. जे सुटत नाही, ते तिथे राहण्यासाठीच आहे. शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. थर्मामीटरची दांडीही पुसा. तिच्यावर कीट बसलं की ती उशिरा आणि चुकीचं तापमान दाखवते. दादाचं 'आज आच लागतच नाही' त्यातलंच असावं.

घासायची हौस जाळ्यांवर भागवा. त्यांना गरम पाणी आणि साबण चालतो. मात्र तारेचा ब्रश नको. २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, अशा ब्रशच्या तुटलेल्या तारा अन्नातून पोटात गेलेल्या लोकांची प्रकरणं छापली होती. कुणाच्या घशात तार रुतली, कुणाच्या आतड्याला भोक पडलं. अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा चिमट्यात धरून घासा, तेवढं पुरतं.

पत्रा कुठे उघडा पडलाच तर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि रिकामा स्मोकर दोनेक तास १२० ते १५० अंशांवर ठेवा. नंतर पूर्ण कोरडा झाला की झडपा थोड्या उघड्या ठेवून झाकून ठेवा. भिंतींची ही खरवड वर्षातून एकदोनदा पुरे.

दादा पेलेटचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारा, स्मोकर घेण्याच्या गप्पा मारतोय, तेव्हा त्याला सांगा की त्यात वीज असते. नळीने धुणं संपलंच. आगीच्या छोट्या वाटीतली राख गार झाल्यावर व्हॅक्यूमने ओढावी लागते, आणि पेलेटना ओलावा लागला तर ते फुगून भुसा होतात.

आईला नमस्कार. तुमचं गुडघ्याचं कसं आहे ते दादाकडून नको, तुमच्याकडून कळवा.

तुमची,
मनू

ता. क. खरवडलेला ओशट कचरा मोरीत टाकू नका. चरबी पाइपात गोठून बसते. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाका, आणि ते काम दादाला द्या.