माळीकाका, त्या दिवशी तुम्ही आधी फाटक लावलंत

प्रिय माळीकाका,

परवा आमची सहल निघाली तेव्हा तुमचे नीट आभारही मानता आले नाहीत. दोघांना शू लागली होती, एकीची चप्पल सापडत नव्हती आणि तुम्ही पाइप खांद्यावर टाकून पलीकडच्या वाफ्यांकडे निघूनही गेला होतात. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे, कारण शिशुवर्गाला बागेत नेणाऱ्या इतर ताईंनाही यातलं काही उपयोगी पडेल.

आधी त्या मोजणीचंच सांगते. मुलं अठरा, आम्ही दोघी ताई आणि एक मावशी. जागा बदलली की डोकी मोजायची, हा आमचाच नियम. घसरगुंडीपासून हिरवळीवर येताना मी तो पाळला नाही. हिरवळीवर मोजली तर सतरा. पुन्हा मोजली, सतराच. माझे हातपाय गार पडले. मी नावाने हाका मारत सुटले, आणि तुम्ही एक शब्दही न बोलता आधी मोठं फाटक लावलंत, मग बाजूचं छोटं. तिथून थेट पाण्याच्या हौदाकडे गेलात. झाकण बघून वळलात आणि मग मला विचारलंत, "ताई, कपडे कुठल्या रंगाचे?"

मला रंग आठवेना, काका. सकाळी मीच त्याचं बटण लावून दिलं होतं.

तो कुंड्यांच्या रांगेमागे उकिडवा बसला होता. मुंग्या नाकतोड्याचा पंख ओढून नेत होत्या आणि तो त्यांच्या वाटेतल्या काड्या उचलत होता. तीन-चार मिनिटांचाच खेळ, पण माझ्यासाठी ती मिनिटं संपत नव्हती. मी ओरडणार एवढ्यात तुम्ही हात वर केलात. त्याच्या शेजारी बसलात, पंख बिळात जाईपर्यंत थांबलात आणि बोट धरून त्याला घेऊन आलात. त्याला आपण हरवलो होतो हे अजूनही माहीत नाही. यासाठी तुमचे किती आभार मानू?

आता निघण्याआधी आम्ही सगळ्या मुलांचा एक फोटो काढतो, त्या दिवशीच्या कपड्यांत. आणि बागेत पोहोचल्यावर फाटकं किती, पाणी कुठे, हे आधी बघून ठेवतो.

मावशींनी नंतर सांगितलं, तुम्ही आदल्या संध्याकाळीच वाटेकडेच्या फांद्या छाटल्या होत्या. माझ्या कमरेइतक्या उंचीवरची फांदी मला दिसतही नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या ती बरोबर डोळ्यांसमोर येते. कण्हेरीच्या कुंपणाकडे आम्हाला वळूच दिलं नाहीत, तेही तेव्हा कळलं नव्हतं. पान, फूल, बी, कण्हेरीचं सगळंच विषारी, आणि आमची मुलं हाती येईल ते तोंडात घालून बघणारी!

आणि ते गांडूळ. माझ्या वहीत त्या सकाळसाठी सहा गोष्टी लिहिल्या होत्या. पानांचे आकार, रंग ओळखणं, असं बरंच. तुम्ही एक कुंडी बाजूला केलीत आणि सहापैकी पाच तिथेच राहिल्या. "आधी हात ओले करा. ते कातडीने श्वास घेतं, कोरडा हात त्याला सोसत नाही," असं तुम्ही म्हणालात, आणि अठरा जणांनी झारीखाली हात धरले. एरवी हात धुवायला त्यांच्या मागे धावावं लागतं. एकीने विचारलं, "त्याचे डोळे कुठेत?" डोळे नसूनही त्याला उजेड कळतो, हे तुम्ही सांगून सोडून दिलं नाहीत. हाताची सावली धरून दाखवलंत, ते सावलीकडे सरकेपर्यंत सगळ्यांना थांबवलंत. अर्धा तास गेला असेल. तिथून मुलांना हलवायची घाई मी केली नाही, याचं मला आता फार बरं वाटतं.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० साली आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं आणि मुलांना लागवडीसाठी छोटे वाफेही दिले. प्रशिक्षणात मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तुमच्या कुंडीपाशी मातीत बसल्यावर त्या नावाचा अर्थ लागला. शाळेच्या मागच्या भिंतीलगतची जागा आम्ही मागून घेतली आहे. दगड वेचून झाले. माती भुसभुशीत कशी करायची, ते मात्र तुम्हीच येऊन दाखवा.

मुलांनी तुमच्यासाठी चित्रं काढली आहेत. बहुतेकांत तुम्ही लहान आहात आणि गांडूळ तुमच्यापेक्षा मोठं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती घेऊन येते. त्यांचा एक प्रश्नही आणायचा आहे, रोज आठवण करून देतात: कुंडी परत ठेवल्यावर ते घरी पोचलं का?

तुमची ऋणी,
शिशुवर्गाची ताई