बांधाचा वाद आणि फौजदारीची वाट

शेतरस्त्याच्या भांडणांतून वाढलेल्या पोलीस तक्रारींवरील आपला लेख वाचला. त्यात एक मुद्दा राहून गेला. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला तर आरोपीला शिक्षा होते. रस्ता मात्र अडलेलाच राहतो. दिवाणी दाव्यात कोणाची बाजू अधिक संभाव्य, एवढेच पाहून हक्क ठरतो. आमच्या गेवराई भागात सख्खे भाऊ जामिनासाठी बैलजोडी विकतात, हे पाहवत नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार अडवलेली वहिवाट मोकळी करण्यासाठी सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. पेरणीपूर्वी ही माहिती प्रत्येक तलाठी सज्जावर ठळक लावावी.

– एक शेतकरी, गेवराई (जि. बीड)